घरात काय म्हणता?

डॉक्टर गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी स्टेशनावरचे चार तांगेवाले आमच्या दारात आले. शोकसभा घ्यायची ठरली होती, त्याचं पत्रक हवं होतं, आणि ते मी लिहायचं होतं. लिहिशील का, असं त्यांनी विचारलंसुद्धा नाही. गिरणीतला संप असो, रेशनच्या दुकानातली मापातली चोरी असो की आठवडाभर कोरडे पडलेले नळ असोत, आमच्या भागातलं पत्रक माझ्याच हातून जायचं. मी अक्षरंच पत्रकांवर शिकले. वडील गिरणीत होते. पाळी सुटली की युनियनची पत्रकं खिशात घालून आणायचे. छापलेल्या बाजूवर मी वाचायला शिकले आणि कोऱ्या बाजूवर लिहायला. ‘बंधूंनो, भगिनींनो’ हे मला बाराखडीच्या आधी वाचता यायचं.

एरवी पत्रकाला मला वीस मिनिटं लागतात. त्या दिवशी दुपारपर्यंत बसले आणि चार कागद फाडले. शोकसभेच्या पत्रकात पहिल्याच ओळीत गेलेल्या माणसाचं नाव लागतं, जाड टायपात. आणि डॉक्टरांचं नाव पुन्हा कधी छापणार नाही, असा शब्द मी त्यांना दिला होता.

तो शब्द का द्यावा लागला ते सांगते. पण आधी शेळीचं सांगायला हवं.

आमच्याकडे एक शेळी होती. आई दिवसभर विड्या वळायची आणि शेळी तिच्या शेजारी बसून पानांची कातरण खायची. एका उन्हाळ्यात ती पोट फुगून आडवी झाली. आईने मला तिला घेऊन गुरांच्या दवाखान्यात धाडलं. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर माझं मत तयार होतं. टेबलामागे खाकी कोटातला एक उंच, खांद्यात वाकलेला माणूस बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही.

“नाव काय?”

मी माझं नाव सांगितलं.

“तुझं नाही. हिचं.”

“शेळी.”

“ते दिसतंय मला. घरात काय म्हणता?”

“काही नाही म्हणत. हाड म्हणतो.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “हाड म्हटल्यावर येते का जाते?”

“जाते.”

“मग यायला काय म्हणता?”

मागे रांग खोळंबली होती, एक म्हैस माझ्या पाठीवर श्वास सोडत होती. तोंडात आलं ते बोलले, “क्रांती.”

“क्रांती,” असं म्हणत त्यांनी ते कागदाच्या वरच्या कोपऱ्यात लिहिलं. चेहऱ्यावरची एकही सुरकुती हलली नाही. मग उठून शेळीसमोर उकिडवे बसले. हाताची मागची बाजू तिच्या नाकापुढे धरली आणि थांबले. शेळीने हुंगलं, मान खाली घातली. तेव्हाच त्यांनी तिच्या पोटाला हात लावला. “आधी विचारायचं, मग हात लावायचा,” ते म्हणाले. कुणाला सांगितलं कोण जाणे. मी तर ते ऐकून सोडून दिलं.

तेल पाजून झालं, पोट चोळून झालं. मग मोठ्याने, रांगेला ऐकू जाईल असं ते म्हणाले, “क्रांतीचं पोट फुगलंय. नको ते खाल्लं की फुगतं. दोन दिवस खायला देऊ नका, चालती ठेवा. बसून राहिली की क्रांती मरते.”

रांग हसली. मी लाल होऊन घरी आले. आईला सांगितलं तर ती विड्यांचं सूप मांडीवरून खाली ठेवून हसली. “लई बेस बोलला की गं! तुमच्या मिटिंगीत ह्यालाच बोलवा.”

सरकारी केसपेपरवर जनावराच्या नावाला जागा नव्हती. मालकाचं नाव, जनावराची जात, वय, लक्षणं, एवढेच रकाने. डॉक्टर आधी वरच्या कोपऱ्यात नाव लिहायचे, मग खालचं. एकदा वरिष्ठांनी कळवलं की हा दवाखाना आहे, बालवाडी नाही. डॉक्टरांनी उलट कळवलं: नावाने हाक मारल्यास जनावर मान वळवते. कोणत्या बाजूने वळवत नाही, त्यावरून दुखणे समजते. यावर वरून पुन्हा काही आलं नाही.

मालकांशी ते मराठीत बोलायचे, तांगेवाल्यांशी दखनी हिंदीत, आणि जनावरांशी फक्त कानडीत. ‘अंजब्याड, अंजब्याड,’ म्हणजे भिऊ नको, असं पुटपुटत सुई टोचायचे. मी कारण विचारलं. म्हणाले, “आईची भाषा. तिच्यात मला खोटं बोलता येत नाही. मराठीत येतं. नोकरी मराठीत केली ना.” आई त्यांची अक्कलकोटच्याही पलीकडची.

त्यांच्या सायकलची घंटी त्यांनी काढून टाकली होती, कारण तांग्याची घोडी बिचकतात. घंटीऐवजी स्वतःच ‘ए, बाजू!’ असं ओरडत भर बाजारातून जायचे, त्याने माणसं बिचकायची, त्याचं त्यांना काही नव्हतं. कोटाच्या एका खिशात थर्मामीटर, दुसऱ्यात गूळ. कुठल्या खिशात काय, हे त्यांना कधीच आठवायचं नाही, त्यामुळे सोलापुरातल्या जनावरांना थर्मामीटर गोड लागत असावा, आणि गुळाबद्दल न बोललेलं बरं. कुणी कुत्र्याचं नाव टायगर सांगितलं की ते भडकायचे. “वाघाला कुणी कुत्रा म्हणतं का? मग ह्याचा अपमान कशाला?”

स्टेशनावरच्या एका म्हाताऱ्या तांगेवाल्याची घोडी होती, शहजादी. त्याला सगळे चाचा म्हणत. शहजादीचा खूर सडला होता, दोन महिने डॉक्टर रोज जाऊन तो धुवायचे. चाचा म्हणायचा, “डाक्टरसाब, इत्ती खिदमत मेरी बीवी बी नै करती.”

“तू बी इसके सरीखा चुप खडा रै ना, करेगी.”

छापखाना दवाखान्याच्या मागच्या गल्लीत होता. पत्रक टाकायला गेले की मी डॉक्टरांकडे डोकावायची. आपली कडक भाकरी ते मोडायचे, शेंगाचटणी मध्ये ठेवायचे, आणि माझं पत्रक वाचत त्यावर तेलाचे डाग पाडायचे. आमची भांडणं तिथलीच.

“तुझ्या पत्रकात माणूस का नसतो गं? सगळी जनता. जनतेला ताप किती, दुखतं कुठं, कसं बघायचं मी?”

“तुम्हाला जनावराचं पोट दिसतं, डॉक्टर. ते रिकामं कोण ठेवतं, हे दिसत नाही.”

“दिसतं,” ते म्हणायचे आणि भाकरीचा तुकडा माझ्यापुढे सरकवायचे.

मला ते भित्रे वाटायचे. हे लिहायला हवं, नाहीतर पुढचं सगळं खोटं होईल. मला ते अतिशय आवडायचे आणि मला ते भित्रे वाटायचे.

मग दुष्काळ पडला. दुसऱ्या वर्षी मोहोळच्या रस्त्याला गुरांची छावणी उघडली. गावोगावची गुरं तिथे आणून बांधलेली, वर तरटाचं छप्पर. डॉक्टरांना आठवड्यातून तीनदा तिकडे जायचा हुकूम आला. ते परत यायचे तेव्हा कोटातला गूळ तसाच असायचा. मी विचारलं तर म्हणाले, “एवढ्याश्याने काय होतंय. एकाला दिला की बाकीची बघतात.”

एके दिवशी दवाखान्याच्या पायरीवर त्यांनी मला एक वही दाखवली. तपकिरी पुठ्ठ्याची, खिशात मावेल एवढी. पानभर कानडी अक्षरं. प्रत्येक ओळीच्या शेवटी तोच एक शब्द.

“ही मेलेल्यांची नावं. आजवर चौदा.”

“आणि शेवटचा शब्द?”

“हसिवु.”

“म्हणजे?”

“भूक.”

“आणि सरकारी दाखल्यावर काय लिहिलंत?”

त्यांनी वही मिटून खिशात ठेवली. “अशक्तपणा.”

मी उठून उभीच राहिले. चाऱ्याला बुरशी आलेली होती, चांगला चारा कुठे जात होता ते सगळ्या रस्त्याला माहीत होतं, आणि हा माणूस दाखल्यावर अशक्तपणा लिहीत होता!

“बस,” ते म्हणाले. “मी उपासमार लिहिलं की दुसऱ्या दिवशी छावणीला कुलूप. चौकशी बसेल, बसू दे. पण ही जितकी उरलीत ती जातील कुठं? गावाकडं पाण्याचा थेंब नाही. ऐक माझं. मी त्या छावणीच्या अध्यक्षाला दर खेपेला मेलेल्या जनावरापाशी नेऊन उभा करतो. म्हणतो, हिचं नाव चंदरी. म्हणा, चंदरी. त्याला म्हणायला लावतो. पहिल्यांदा हसला. आता नाही हसत. परवा हिरव्या वैरणीची एक गाडी आली. आणि एक बैल आहे, बसव्या, तो पडला होता. तरटाच्या झोळीत टांगून उभा ठेवलाय. कालपासून पाय टेकतोय. मला पंधरा दिवस दे.”

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

तिसऱ्या दिवशी माझं पत्रक निघालं. ‘छावणीत चौदा जनावरांचा भूकबळी! खुद्द सरकारी डॉक्टरची कबुली!’ आणि खाली त्यांचं पूर्ण नाव, छापखान्यातल्या सर्वांत जाड टायपात. तो टाइप मी स्वतः निवडला होता. त्या पत्रकातला एकही शब्द खोटा नव्हता, हे मी आजही म्हणते. शेळीलासुद्धा न विचारता हात न लावणाऱ्या माणसाचं नाव मी त्याला न विचारता चौकाचौकात चिकटवलं, हेही आज म्हणते. तेव्हा म्हटलं नाही. तेव्हा मी त्यांच्या शाबासकीची वाट बघत होते.

आठ दिवसांत छावणीला कुलूप लागलं. अध्यक्षाला काही झालं नाही. चौकशी चारा संपल्यावर बसली आणि पाऊस पडल्यावर उठली. गुरं ज्याची त्याने सोडून नेली, चालवत. बसव्या दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या कडेला बसला, तो उठला नाही. डॉक्टरांकडून खुलासा मागितला आणि पाठोपाठ बदलीचा हुकूम आला, अकलूजच्या बाजूला.

जायच्या आदल्या दिवशी ते आमच्या घरी आले. सायकल भिंतीला टेकवली, क्रांतीला हाताची मागची बाजू दिली, गूळ दिला आणि उंबऱ्यापाशी बसले. आईने चहा ठेवला. त्यांनी खिशातून माझं पत्रक काढून गुडघ्यावर पसरलं. मला वाटलं, आता बोलणार. मी मनात उत्तरं तयार ठेवली होती, सगळी बिनतोड.

“छपाई चांगली आहे,” ते म्हणाले. मग एका ओळीवर बोट ठेवलं. “ह्यांची नावं कुठायत?”

“कुणाची?”

“चौदा जनावरं म्हटलंयस. नावं होती त्यांना. मी तुला वाचून दाखवली असती.”

त्यांचं बोट खाली, त्यांच्याच नावावर सरकलं.

“चौदा जनावरांचा आकडा आणि एका डॉक्टरचं नाव. उलट हवं होतं गं.”

त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मी भांडले असते.

आई चहा घेऊन आली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “डॉक्टर, पोरीला दोन शब्द बोला की. आमचं ऐकत न्हाई ती.”

“बोलायचं काय? लिहिलंय ते खरंच लिहिलंय.” त्यांनी पत्रक घडी करून पुन्हा खिशात ठेवलं, बहुतेक गुळाच्याच. “फक्त एक कर. परत माझं नाव कुठं छापू नकोस. चांगल्यासाठीसुद्धा नाही. शब्द दे.”

मी दिला. चहा पिऊन ते गेले. वळणावर त्यांचं ‘ए, बाजू!’ ऐकू आलं.

अकलूजहून त्यांची पोस्टकार्डं यायची. ‘इकडच्या गायी सुखवस्तू आहेत. उसाचं वाढं खाऊन माजल्यात. माझ्यावाचून त्यांचं काही अडत नाही, पण लाड करून घेतात.’ एका कार्डावर फक्त एवढंच: ‘काल सोनी व्याली. दोघी बऱ्या.’ ती सोनी कोण, हे मला पोस्टमनने विचारलं होतं. मी प्रत्येक कार्डाला उत्तर लिहायला घ्यायची. माफी हा शब्द लिहिण्याची मला सवय नव्हती. पत्रकात तो नेहमी दुसऱ्याने मागायचा असतो. उत्तरं राहून गेली.

तीन वर्षांनी ते परत आले ते ताप घेऊनच. गायींचं अडलेलं बाळंतपण करताना, कोपरापर्यंत हात घालताना तो लागतो म्हणे. उतरायचा, पुन्हा चढायचा. शेवटी छातीत बसला. मी आईला म्हटलं, बदली झाली नसती तर? आई म्हणाली, “जनावर काय सोलापुरात नव्हतं व्हय? त्येनं हितं बी हात घातलाच असता.” ती माझी समजूत घालत होती, आणि माझी समजूत पटत नव्हती.

शेवटचं भेटायला गेले तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. काकूंनी, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नीने, मला खुणेनेच आत पाठवलं. त्यांच्या कपाळाला हात लावावासा वाटत होता. मी हाताची मागची बाजू त्यांच्या चेहऱ्यापुढे धरली आणि थांबले. त्यांनी डोळे उघडले. हाताकडे पाहिलं. मग म्हणाले, “लाव.” मी हात लावला. कपाळ तव्यासारखं होतं. माफी तेव्हाही मागायची राहिली.

तर हे असं. म्हणून त्या दुपारी चार कागद फाडले आणि काकूंकडे गेले. म्हटलं, काकू, मला ह्या शब्दातून सोडवा. तांगेवाल्यांना पत्रक हवंय. नावाशिवाय पत्रक कसं काढू?

काकू अक्कलकोटकडच्याच. फार बोलत नसत. आत जाऊन त्यांनी तीच तपकिरी वही आणली. “मी कशी सोडवू? मला कुठं दिलावतास शब्द?” त्या म्हणाल्या. “तुला हे वाचता येत नाही. मी वाचते. लिहून घे.”

त्या वाचत गेल्या, मी लिहीत गेले. चंदरी. गौरा. मैना. हरण्या. भुरी. चौदा नावं, आणि प्रत्येक नावापुढे काकूंचा तोच सपाट आवाज: हसिवु. हसिवु. हसिवु. पंधरावा बसव्या. त्याच्यापुढे हसिवु नव्हतं. डॉक्टरांनी लिहिलं होतं: दारि, म्हणजे वाट, रस्ता.

मग काकूंनी मधली कोरी पानं उलटली आणि वहीचं शेवटचं पान काढलं. तिथे एक केसपेपर आखलेला होता, रकान्यांसह, थरथरत्या अक्षरात. काकू वाचायला लागल्या. जात: माणूस. वय: छप्पन्न. मालक: इथे काकूंचं स्वतःचं नाव होतं, ते वाचताना त्या किंचित हसल्या. लक्षणं: ताप, धाप, खाण्यावर वासना नाही.

“कारण?” मी विचारलं.

त्यांना कानडीत खोटं बोलता येत नव्हतं. त्या रकान्यात अकलूज असेल, बदली असेल, एखाद्या पत्रकाचं नाव असेल. जे असेल ते खरं असणार होतं.

काकूंनी वही उजेडाकडे धरली. “दणिवु.”

“म्हणजे काय, काकू?”

“दमणूक. बैल दिवसभर चालून येतो ना संध्याकाळी, तसं.”

मी रडले. काकूंनी रडू दिलं. मग त्यांनी पानाच्या वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं, जिथे डॉक्टर प्रत्येक जनावराचं घरातलं नाव लिहायचे. तिथेही एक नाव होतं. दवाखान्याच्या पाटीवरचं नव्हे, मी जाड टायपात छापलं होतं तेही नव्हे. लहान, दोन अक्षरांचं. “त्यांची आई ह्या नावानं हाक मारायची,” काकू म्हणाल्या. “ती गेल्यावर कुणीच नाही. मीसुद्धा नाही.” आणि त्यांनी ते मला वाचून दाखवलं.

पत्रक निघालं. वर जाड टायपात पंधरा नावं, खाली एकच ओळ: ‘यांचे डॉक्टर गेले. गुरुवारी सायंकाळी दवाखान्याच्या आवारात जमावे.’ कंपोझिटर म्हणाला, “ताई, गेलेल्या माणसाचं नाव राहिलं की.” मी म्हटलं, लाव तसंच.

आवार भरलं. माणसं आली तशी जनावरंही आली, कारण ती घरी ठेवून यायचं कुणाला सुचलं नव्हतं. आई क्रांतीच्या लेकीला घेऊन आली. क्रांती स्वतः दोन वर्षांपूर्वी म्हातारी होऊन गेली होती. भाषणं कुणी नीट केली नाहीत. चाचा पत्रक घेऊन माझ्यापाशी आला आणि म्हणाला, “बेटी, सब का नाम डाली. उन्का नै डाली?”

“छापणार नाही असा शब्द दिलाय, चाचा.”

त्याने मान हलवली. पटलं की नाही, कळलं नाही.

लोक पांगले. शहजादी कडूनिंबाला बांधलेली होती, आता अगदी थकलेली, एक खूर किंचित उचलून उभी. मी तिच्यासमोर गेले. हाताची मागची बाजू तिच्या नाकापुढे धरली आणि थांबले. तिने हुंगलं, दोनदा. मग मान खाली केली. मी तिच्या कानाशी वाकले आणि ते दोन अक्षरांचं नाव सांगितलं.

तिने मान वळवली आणि दवाखान्याच्या दाराकडे बघत राहिली.